मालवणचा किनारा : हिशेब मासळीचा आणि माणसांचा

बेळगावास समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारा रस्ता आहे. हिंडलग्यावरून निघावे, शिनोळीपाशी राज्याची हद्द ओलांडावी, चंदगड तालुक्यातील ऊस, काजू आणि भातखाचरे मागे टाकीत आंबोलीच्या घाटमाथ्यावर यावे आणि तेथून सावंतवाडीच्या दिशेने खाली उतरावे, असा हा जुना वेंगुर्ला रस्ता. इंग्रजी अमदानीत बेळगावच्या छावणीस लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि बैलगाड्यांनी घाट चढून वर येई. पुढे रेल्वे आली आणि बंदराची ती वर्दळ ओसरली. रस्ता मात्र राहिला. आजही पहाटेच्या अंधारात बर्फाच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो याच घाटाने वर येतात, आणि आपल्या कॅम्पातल्या बाजारात सकाळी जो बांगडा चकाकताना दिसतो त्याचा प्रवास पुष्कळदा या वळणांवरून झालेला असतो.

आपल्यापैकी जी घरे मासळी खातात त्यांचा समुद्राशी संबंध बहुधा एवढाच. भाव चढला की मासळी कमी, उतरला की मुबलक. (जी खात नाहीत त्यांचा तर मृगाच्या तोंडी मोसमी वाऱ्याची चौकशी करण्यापुरताच!) परंतु ती मासळी ज्यांनी पाण्याबाहेर काढली त्यांचे कसे चालले आहे, हे त्या भावावरून कळत नाही. मग ते कशावरून कळावे? हा प्रश्न बरोबर घेऊन आम्ही गेल्या हिवाळ्यात सहा दिवस मालवणास राहिलो. आम्ही संशोधक नव्हे. मास्तरकीत प्रश्न विचारण्याची सवय जडते आणि उत्तर येईपर्यंत थांबण्याचीही, एवढ्याच भांडवलावर ही चौकशी केली.

प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. मासे कधी धरू नयेत, कोणत्या जाळ्याने धरू नयेत, कोणत्या भागात मुळीच धरू नयेत, हे सारे आता सरकार ठरवते. आणि समुद्राची आजची अवस्था पाहता कोणीतरी ते ठरविणे भागही आहे. पण असा प्रत्येक निर्णय पाण्यातल्या माशांइतकाच काठावरच्या माणसांवर जाऊन पडतो. निर्णय चांगला ठरला की वाईट, हे मोजताना टनांचा हिशेब पुरतो काय? मालवणाइतके या प्रश्नास योग्य गाव आपल्या आसपास दुसरे नसेल.

दांडीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला तो हा शिवछत्रपतींचा जलदुर्ग, आणि त्याच्या अलीकडे पद्मगडाचे छोटे बेट. प्रवासी होडीत बसतात, किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या समुद्रातल्या गोड्या विहिरी पाहून थक्क होतात आणि परततात. होडीच्या खालून जे सरकत जाते त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष असते. येथील खडकांवर प्रवाळ आहे, सारगॅसम नावाच्या शेवाळाची दाट वने आहेत आणि त्यांच्या आडोशाने माशांची पिल्ले वाढतात. याच कारणाने १३ एप्रिल १९८७ रोजी येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून घोषित झाला. त्यातला किल्ल्याभोवतालचा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभाक्षेत्र ठरला. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा मुख्यतः अरण्यासाठी केलेला. तो येथे पाण्यास लावला गेला.

अरण्यात एक रेषा आखली की तिच्या आत वाघ आणि बाहेर गाव, असे निदान कागदावर तरी म्हणता येते. समुद्रात ते कसे म्हणावे? रेषेच्या आत आले ते ज्यांच्या दारातले पाणी होते ते गाबित, भंडारी आणि इतर दर्यावर्दी लोक. त्यांच्यात विरोध उठला. आपली जाळी बंद होणार, ही भीती घरोघर शिरली, आणि अभयारण्य कित्येक वर्षे मुख्यत्वे कागदावरच राहिले. यात निसर्गाचा लाभ झाला नाही आणि माणसांचाही झाला नाही. आमच्या मते दोष केवळ रेषेचा नव्हता. ती आखली तेव्हा काठावरच्या जीवनाची कोणती मोजदाद हाताशी होती, हा खरा मुद्दा आहे.

मोजदाद मुळीच होत नाही असे नव्हे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१० साली केलेल्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे आढळली. शेजारच्या गोव्यात ३९ गावे आणि २,१८९ कुटुंबे. होड्या किती, यांत्रिक किती, जाळी कोणत्या प्रकारची, शिकलेले किती, कर्जदार किती, असे पुष्कळ काही त्यात मिळते. हे काम मोठे आहे आणि त्यावाचून कोणतेच नियोजन शक्य नाही. मग जिल्ह्याचा मानव विकास निर्देशांक आहे. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून १९९० साली ही पद्धत पुढे आली. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा त्यात मेळ घातलेला असतो. या मापाने सिंधुदुर्ग जिल्हा महाराष्ट्रात वरच्या रांगेत बसतो. येथील साक्षरता आणि स्वच्छता पाहून आम्हास त्याचे नवल वाटले नाही. परंतु याच जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. देशाची संख्या भराभर वाढत असता येथील माणसे कमी झाली. निर्देशांक म्हणतो बरे चालले आहे, आणि घरची मुले मुंबईची नाहीतर गोव्याची वाट धरतात. दोन्ही आकडे खरेच आहेत. मात्र एकाच्या आधारे दुसऱ्याचा उलगडा होत नाही.

आपणा सीमाभागातल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपल्या भाषेची माणसे किती, याच्या टक्केवाऱ्या कितीदा तरी मांडल्या गेल्या. मोजले जाणे आणि विचारले जाणे यांतले अंतर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. असो.

या अंतरावर उपाय शोधण्याचा एक प्रयत्न आम्हास उद्बोधक वाटला, म्हणून त्याची माहिती देतो. २००२ ते २००७ या काळात इंग्लंडातील बाथ विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या गटाने बांगलादेश, इथिओपिया, पेरू आणि थायलंड या देशांत हिंडून ‘क्षेम’ म्हणजे काय, याचा शोध घेतला. (इंग्रजी शब्दासाठी कोणी ‘कल्याण’ म्हणतात, पण कल्याण हे सरकार करते, क्षेम हे माणसाचे स्वतःचे असते. आपण पत्रात ‘येथील सर्व क्षेम’ लिहीत असू, तो शब्द आम्हास अधिक जवळचा वाटतो.) त्यांनी क्षेमाची तीन अंगे धरली. माणसाजवळ काय आहे, हे पहिले. त्याचे कोणाशी कसे नाते आहे, हे दुसरे. आणि या साऱ्याविषयी त्याला स्वतःला काय वाटते, हे तिसरे. पुढे २०११ मध्ये सारा कूल्टहार्ड, डेरेक जॉन्सन आणि ॲलिस्टर मॅकग्रेगर या तिघांनी हाच विचार मासेमारीच्या जागतिक संकटास लावून दाखविला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मच्छीमार हा केवळ मासे धरून पैसे मिळविणारा जीव आहे असे गृहीत धरून केलेले नियम पुष्कळदा फसतात; कारण मासे कमी झाले, तोटा आला, तरी तो समुद्र सोडीत नाही, आणि का सोडीत नाही याचे उत्तर उरलेल्या दोन अंगांत असते.

प्रत्यक्ष विचारण्याची त्यांची रीतही साधी आहे. चांगल्या जगण्यास काय काय लागते हे आधी लोकांच्याच तोंडून घ्यायचे. मग त्यातल्या प्रत्येक गोष्टीविषयी दोन प्रश्न विचारायचे : ही तुम्हास किती आवश्यक, आणि ती तुम्हास कितपत लाभली आहे? ज्या गोष्टीची गरज मोठी आणि लाभ थोडा, तेथे दुखते आहे असे समजायचे. हे दोन प्रश्न आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले होते.

पहिली सकाळ रापणीवर गेली. वाचकांपैकी कित्येकांनी मालवणास किंवा गोव्यास रापण ओढताना पाहिली असेल, पण तिची व्यवस्था पाहिली असेलच असे नाही. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच राहतो. होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळात समुद्रात जाते आणि दुसरे टोक घेऊन दूर अंतरावर पुन्हा किनाऱ्यास लागते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि तास-दीड तास ओढणे चालते. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात. शेवटी जाळ्याचा फुगलेला भाग वाळूवर येतो आणि त्यात तारल्या, बांगडे, पेडवे, एखादी चुकार कर्ली तडफडू लागते. यास चाळीस-पन्नास माणसे लागतात. ती एका धन्याची चाकर नसतात. रापणीचा संघ असतो, त्यात घरोघरचे भाग असतात, आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात : होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसाचा वाटा. सहज येऊन दोरास हात लावणाऱ्याच्या हातातही मूठभर मासळी पडते. आमच्याही हातात चार बांगडे आले आणि ते नाकारणे असभ्यपणाचे ठरले असते.

तेथे वाळूवर बसलेले एक वृद्ध रापणकर आमच्याशी बोलले. वय झाल्याने त्यांचे ओढणे सुटले होते, पण ते रोज येऊन बसत. आम्ही विचारले, “तात्या, रापणीत वर्षाकाठी किती मिळते?” ते म्हणाले, “पैशे काय, मास्तरांनु, कधी गावतत, कधी नाय. पण रापण ओढूक माणसां खंय असत आता?” त्यांच्या सांगण्यानुसार पूर्वी घरचा कर्ता गेला तरी त्या घराचा वाटा एकाएकी बंद होत नसे, विधवेस, आजाऱ्यास, ओढू न शकणाऱ्या म्हाताऱ्यास काहीतरी पोहोचे. “मेल्या माणसाचो वाटो रापण इसारणा नाय,” हे त्यांचे शब्द. सगळ्याच रापणी इतक्या उदार असतील असे मानण्याचे कारण नाही, आणि जुन्या माणसांच्या आठवणीत जुने दिवस नेहमी थोडे गोड होतात. तरीही विमा, निवृत्तिवेतन, सहकारी संस्था आणि शेजारधर्म या चारांचे काम रापण आपल्यापरीने करीत होती, एवढे तरी खरे. मासळीच्या आवकीच्या नोंदवहीत मात्र ती ‘किनाऱ्यावरून ओढावयाचे जाळे’ एवढ्याच शब्दांत येते.

आता टनांच्या हिशेबाची गंमत पाहा. पर्ससीन नावाचे जाळे माशांच्या थव्याभोवती फिरवून त्याचे तोंड बटव्यासारखे खालून आवळतात. ज्या बांगड्याच्या थव्याची रापण किनाऱ्यावर वाट पाहत असते तोच थवा वाटेत एका फेऱ्यात उचलला जातो. त्या दिवसाच्या आवकीचा आकडा चढतो. जिल्ह्याची मासळी वाढली, असे अहवालात येते. पण ती मासळी एका बोटीची, एका मालकाची आणि काही पगारी खलाशांची असते. किनाऱ्यावरच्या पन्नास घरांत त्या दिवशी वाटे पडत नाहीत. उत्पादन वाढते आणि क्षेम घटते, ही गोष्ट एकाच दिवशी एकाच गावात घडते. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातील तंटा या किनाऱ्यावर हातघाईपर्यंत गेला तो उगाच नव्हे.

याची दाद लागण्यास वर्षे गेली. गोव्यात रांपणकारांनी यांत्रिक बोटींविरुद्ध चळवळ केली ती १९७० नंतरच्या दशकात, आणि तेथे सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा १९८० साली झाला. महाराष्ट्राचा १९८१ चा. पर्ससीनच्या प्रश्नासाठी महाराष्ट्र शासनाने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने या जाळ्यांवर काळाची आणि क्षेत्राची बंधने आली, परवाने कमी करीत नेण्याचे ठरले. रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून धरण्यास केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये मनाई केली. या आदेशांची पाळणूक किती होते, याविषयी किनाऱ्यावर आम्ही जे ऐकले ते येथे लिहीत नाही. ऐकणारा एक आणि बोलणारे दोन पक्षांचे, त्यात आम्ही तिसरे का व्हावे? एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंकडून ऐकली. पर्ससीनच्या बोटीवर जाणारा तरुणही बहुधा याच गावचा, कित्येकदा रापणकराच्याच घरचा असतो. बापाचा वाटा जातो आणि मुलाचा पगार येतो. उत्पन्नाच्या रकान्यात घर तेवढेच राहते, किंबहुना थोडे वरही चढते. त्या घरात रात्री जेवताना काय बोलणे होते, याला रकाना नाही.

संध्याकाळी बंदरावर लिलाव होतो. तेथे आम्ही गर्दीत उभे राहिलो आणि आमच्या सौ. मात्र चार पावलांत बायकांत जाऊन बसल्या. पुरुषाने वही काढून विचारले असते तर जे मिळाले नसते ते त्यांना तासाभरात मिळाले. होडीवर पुरुष असतो हे खरे, पण मासळी वाळूवर उतरली की पुढचा कारभार पुष्कळसा स्त्रियांचा : लिलावात बोली, टोपल्या, बाजार, उरलेल्या मासळीस मीठ लावणे, बांगडे आणि गोलमा सुकविणे, आणि पावसाळ्यात त्याच सुक्या मासळीवर घर चालविणे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने सहकारी संस्थांसह २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या छोट्या मासेमारीत गुंतलेल्या दर दहा माणसांत चार स्त्रिया आहेत, आणि जगाच्या एकूण मासळीपैकी निदान ४० टक्के या छोट्या मासेमारीतून येते. तरीही मच्छीमार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो.

साठीच्या घरातल्या एक मासळी विकणाऱ्या बाई सौ. ना म्हणाल्या, “वयनी, टोपली घेवन बाजारात बसलंय की मी कोणाची मिंधी नाय.” चांगल्या जगण्यास काय लागते, या प्रश्नावर त्यांनी पैसा सांगितला तो तिसरा. पहिले सांगितले ते बाजारातली आपली बसण्याची जागा, आणि दुसरे, पुरुष समुद्रावर गेला असता त्याचा फोन लागणे. फयान वादळ नोव्हेंबर २००९ चे. तौक्ते मे २०२१ चे. या दोहोंच्या रात्री त्या बाईंच्या बोलण्यात तिथीवारासह होत्या. सुरक्षिततेचे मोल रुपयांत सांगा म्हटले तर त्यांनी काय सांगावे? बाजाराची नवी इमारत बांधताना, लिलावाची जागा हलविताना, या जागेचा प्रश्न कोणाच्या आराखड्यात येत असेल अशी आम्हास शंका आहे.

चौथ्या दिवशी देवबागेस गेलो. एका बाजूस कर्ली नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्ये नारळीची एक चिंचोळी जिभेसारखी पट्टी, तीवर गाव. येथे आणि तारकर्लीस गेल्या दोन-तीन दशकांत पर्यटन आले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पाण्याखाली बुडी मारण्याचे प्रशिक्षण केंद्र तारकर्लीस आहे. घराघरांवर न्याहारी-निवासाच्या पाट्या आहेत. जो तरुण कालपर्यंत जाळे टाकीत होता तो आज पाहुण्यास पाण्याखालचे प्रवाळ दाखवितो. उत्पन्नाच्या मापाने ही निर्विवाद सुधारणा आहे, आणि मासळीवरचा भारही काही कमी होतो. आम्हास ती नापसंत नाही. शहरातून येऊन मच्छीमाराने मच्छीमारच राहावे असे म्हणणाऱ्यांचा आम्हास कंटाळा आहे. परंतु येथेही तिन्ही अंगे पाहिली की चित्र एकरंगी राहत नाही. ज्याची जागा किनाऱ्यास लागून आहे त्याचे घर पाहुण्यांनी भरते. ज्याची आत आहे तो त्याच्याकडे कामास जातो. रापणीत दोघांचाही वाटा होता. शिवाय अननुभवी पाहुणे प्रवाळावर पाय देतात, आणि मग अभयारण्याचे रक्षण कोणापासून करावयाचे, हा प्रश्न १९८७ मध्ये होता त्याहून निराळा होऊन बसतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्त्रियांच्या बचतगटाने कांदळवनातून होडीची सफर चालविली आहे. ती आकाराने लहान. परंतु तेथे वाटे पडतात, म्हणून तिचे विशेष वाटते. या उपक्रमास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पाचा हातभार लागला. अभयारण्याच्या घोषणेनंतर जवळजवळ पाव शतकाने, २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या प्रकल्पात माशांबरोबर माणसांच्या उपजीविकेचाही विचार झाला.

मासेमारीच्या बंदीच्या तारखांचे उदाहरणही विचार करण्यासारखे आहे. मोसमी वारे सुटले की होड्या वर ओढायच्या आणि नारळीपौर्णिमेस समुद्रास नारळ देऊन पुन्हा लोटायच्या, ही रीत कोणत्याही कायद्याहून जुनी. महाराष्ट्राच्या पूर्वीच्या नियमातही बंदी १५ ऑगस्ट किंवा नारळीपौर्णिमा यांतील आधीच्या दिवसापर्यंत असे. आता पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी एकच हिशेब, १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस. माशांच्या विणीच्या दृष्टीने आणि शेजारच्या राज्यांशी तंटा टाळण्याच्या दृष्टीने एकच तारीख सोयीची खरी. पण पौर्णिमेआधीच यांत्रिक बोटी निघतात तेव्हा नारळ वाहण्यास थांबलेल्या माणसाच्या हाती सणाचे समाधान आणि रिकामे जाळे, दोन्ही एकदम येतात. जुन्या नियमाने त्याच्या श्रद्धेस कायद्यात जागा दिली होती. ती गेल्याने कोणाचे टन कमी झाले नाहीत, म्हणून ती गेल्याची नोंदही झाली नाही.

उलट दिशेचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सापडला तर त्यास सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते. कायदा म्हणतो, प्राणी वाचवा; जाळे मात्र मच्छीमाराचे, आणि ते कर्ज काढून घेतलेले. कित्येक वर्षे या व्यवहारातला तोटा एकट्याच्या माथी बसे. महाराष्ट्रात कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी डिसेंबर २०१८ पासून अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना चालविली. सोडलेल्या प्राण्याचे छायाचित्र हा पुरावा. रक्कम फार मोठी नाही. परंतु दांडीच्या एका तरुणाने आपल्या फोनमधले सोडून दिलेल्या कासवाचे चित्र आम्हास ज्या अभिमानाने दाखविले, त्यात रकमेचा उल्लेख शेवटी आला. प्रथम आला तो साहेबांनी आपले नाव घेऊन कौतुक केल्याचा.

तेव्हा क्षेम मोजता येते काय? मोजता येते, पण काही पथ्ये पाळून, असे आमचे मत झाले. नुसते ‘तुम्ही समाधानी आहात काय’ असे विचारून भागत नाही. दीर्घकाळ कमीत कमीवर दिवस काढलेला माणूस अपेक्षाच आखूड करतो आणि ‘बरे आहे’ म्हणतो. अमर्त्य सेन यांनी हा इशारा फार पूर्वी देऊन ठेवला आहे. आमच्या वहीतल्या वृद्धांची उत्तरे तरुणांहून अधिक समाधानाची आहेत. रापणकर तात्यांनी सर्व गोष्टी ‘गावल्या’ म्हणून सांगितल्या आणि त्यांच्या नातवाने निम्म्याहून अधिक ‘नाय’ म्हणून. राहतात दोघे एकाच छपराखाली. त्यांची सरासरी काढली तर जो आकडा येईल तो त्या घरातल्या कोणाचाच नसेल. पुरुषांचे आणि बायकांचे, होडी असलेल्याचे आणि नसलेल्याचे, किनाऱ्याचे आणि आतल्या वाडीचे उत्तर वेगळे ठेवूनच वाचले पाहिजे. आणि निर्णय होण्यापूर्वी एकदा व झाल्यावर काही वर्षांनी पुन्हा विचारले पाहिजे; नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणखी एक पथ्य आम्हास ठाऊक नव्हते. ते देवबागेत होडी चालविणाऱ्या एका तरुणाने सांगितले. आमची वही, ते दोन प्रश्न, त्यांपुढची गुणांची घरे, सारे त्याने शांतपणे पाहून घेतले. पाहुण्यांचा हंगाम ऐन भरात होता, नदीच्या मुखाशी होड्यांची रांग लागली होती, आणि आपल्या उत्तरांत त्याने बहुतेक ठिकाणी चांगले गुण दिले होते. वही परत देताना तो म्हणाला, “गुरुजी, तुमी आता इचारतास म्हणान बरा सांगतंय. मिरगाक येवा.”